जनरेटरचा काळा घाम

शनिवारी साडेअकराला महादूने जनरेटर बंद केला, फडकं खांद्यावर टाकलं आणि मागच्या बाजूला जाऊन धुराच्या पाइपाकडे पाहिलं. पाइपाच्या सांध्यातून काळं, चिकट काहीतरी ठिबकत होतं. चार महिने ठिबकतच होतं, पण आजवर खाली मांडलेल्या पत्र्याच्या डब्यात पडत होतं. आज वारा होता. पलीकडे उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या बॉनेटवर तीन काळे थेंब बसले होते, बाळाला तीट लावावी तसे.

महादूने एक थेंब बोटावर घेतला. वास घेतला. थोडा डिझेलचा, थोडा इंजिन ऑइलचा, थोडा चुलीच्या काजळीचा. जिभेला लावला आणि थुंकला. चव कशाचीच नव्हती, नुसती कडू.

"हे येतं कुठून?" तो म्हणाला. हा प्रश्न तो चार महिने रोज विचारत होता आणि उत्तर देणारं आजूबाजूला कोणी नव्हतं.

महादूचं वय त्रेसष्ट. गाव देवगडकडचं, बाप परळला गिरणीत. गिरण्या बंद पडल्या तेव्हा महादू विशीत होता. घरात तिघं बेकार माणसं एकमेकांची तोंडं बघत बसलेली. एका गाववाल्याने त्याला शूटिंगच्या जनरेटर गाडीवर चिकटवला. ट्रकवर बसवलेला धूड जनरेटर, आणि ट्रक आरे कॉलनीच्या जंगलात कुठेतरी उभा. तिथून जाडजूड केबली ओढायच्या आणि मोठमोठे दिवे पेटवायचे. हिरो-हिरॉइन कोण, हे महादूने कधी पाहिलं नाही. त्याची पाठ नेहमी त्यांच्याकडे आणि तोंड मशीनकडे. अठ्ठावीस वर्षं त्याने हे केलं. मग गुडघे बोलायला लागले, ट्रकवर चढणं जमेना, आणि तो चारकोपच्या या सोसायटीत जनरेटर सांभाळायला आला. जुन्या बैठ्या इमारती पाडून उभारलेला एकोणीस मजली टॉवर. दोन लिफ्टा, पाण्याचे पंप, आग विझवायचा एक भलामोठा पंप, जिन्यातले दिवे. लाईट गेली तर या सगळ्यासाठी खाली हिरव्या पत्र्याच्या खोक्यातला जनरेटर.

आता गंमत अशी, की चारकोपात लाईट जाते कुठे? वर्षातून एखाद-दोन वेळा, तीही दहा मिनिटं. म्हणजे महादूचं मशीन वर्षभर कोऱ्या साडीसारखं कपाटात. ते कुजू नये म्हणून दर शनिवारी दहा मिनिटं चालवायचं, असं ठरलेलं होतं. सुरुवातीला तो सगळं रीतसर करायचा. इंजिन सुरू, मग मोठा खटका फिरवायचा, की बाहेरची लाईट तुटून टॉवर जनरेटरवर यायचा. या खटक्याच्या भानगडीत दहा-पंधरा सेकंद अंधार व्हायचा.

एका शनिवारी त्या अंधारात चौदाव्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाई लिफ्टमध्ये अडकल्या. बाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, आता चौऱ्याहत्तरीच्या. दार उघडल्यावर त्या ओरडल्या नाहीत. घरी गेल्या, आणि मुद्देसूद पत्र लिहून सेक्रेटरीला दिलं. सेक्रेटरी राजेश. राजेशने पत्र महादूपुढे फडकवलं.

"काका, लाईट उडवायची नाही. पब्लिक माझ्या डोक्यावर बसते. नुसता चालवा आणि बंद करा. खटक्याला हात नको."

"नुसता?"

"नुसता. फिरला म्हणजे झालं ना?"

महादूला ते पटलं. मशीनलाही आराम. फिरायचं, पण काही उचलायचं नाही. असं काम कोणाला मिळतं?

जनरेटर चालतो कसा, हे महादूला हाताने ठाऊक होतं. डिझेलचा बारीक फवारा सिलिंडरात जातो, दाबलेल्या गरम हवेत पेट घेतो, दट्ट्या खाली ढकलतो. सहा दट्टे आळीपाळीने ढकलले गेले की मधला दांडा गरगर फिरतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. चुंबक फिरलं की तारेत वीज. इथवर सगळं सरळ.

पण एक गोष्ट चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हती. जंगलात कोणी लांबवर दिवा लावला, की त्याच क्षणी इंजिन 'हं' करायचं. गोणी पाठीवर घेताना माणूस करतो तसं. इंजिनाला कळायचं कसं? चुंबक आणि गुंडाळी एकमेकांना चिकटलेली नसतात. मध्ये नख जाईल एवढी फट. ना पट्टा, ना साखळी, ना दात. मग वजन कुठून आलं? त्याने मालकाला विचारलं, मेकॅनिकला विचारलं. मेकॅनिक म्हणाला, "तुला काय करायचंय? दिवा लागला ना?" दिवा लागला होता. पण उत्तर मिळालं नव्हतं.

तर, काळं तेल.

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा महादूने ठरवलं, मशीन आजारी आहे. आजारी माणसाला चालतं-फिरतं ठेवतात. म्हणून दहा मिनिटांचा त्याने अर्धा तास केला. तेल वाढलं. मग त्याने, कोणाला न विचारता, बुधवारी दुपारीही चालवायला सुरुवात केली. तेल आणखी वाढलं. त्याने फिल्टर बदलला, टाकीचं झाकण धुतलं, दसऱ्याला नेहमीच्या एका नारळाऐवजी दोन फोडले. तेल थांबेना. शेवटी बायकोने, कमळने, दिलेलं लिंबू-मिरची त्याने पत्र्याच्या दाराला बांधलं. आठवड्यात लिंबावरही काळे ठिपके. महादू त्या लिंबाकडे बराच वेळ बघत राहिला. आता लिंबावर उतारा कसला बांधायचा?

आज गाडीवर थेंब पडले आणि अर्ध्या तासात राजेश खाली आला. हातात मोबाईल, त्यात बॉनेटचे फोटो.

"काका, हे काय आहे?"

"मलाच कळत नाही साहेब."

"चार महिन्यांत कळलं नाही?"

"रोज बघतो. जितकं बघतो तितकं कमी कळतं."

राजेशला यात विनोद दिसला नाही. "मला काय दिसतंय सांगू? पंपावरून डिझेल कॅनमध्ये कोण आणतं? तुम्ही. टाकीत ओततं कोण? तुम्ही. चांगलं डिझेल बाहेर जातं आणि टाकीत जळकं ऑइल, रॉकेल, काय वाटेल ते पडतं, असं लोक बोलतायत. मी नाही, लोक."

महादूला क्षणभर कळलंच नाही, की हे कोणाबद्दल चाललंय. कळलं तेव्हा त्याचा हात आपोआप फडक्याकडे गेला आणि तो आधीच स्वच्छ असलेलं पत्र्याचं दार पुसायला लागला.

"उद्या दहाला सर्व्हिसवाल्यांना बोलावलंय," राजेश म्हणाला. "टाकीतलं डिझेल तपासणार. भेसळ निघाली तर चावी ठेवायची आणि जायचं. आणि चारकोपच्या सगळ्या सेक्रेटऱ्यांचा ग्रुप आहे. त्यावर नाव टाकणार. मग कुठे ठेवतील बघू."

घरी महादूने जेवणाला हात लावला नाही. कमळने दोनदा ताट पुढे सरकवलं.

"जेवा मगे. उपाशी ऱ्हवान इंजिन बरां होवचां नाय."

"माका चोर म्हणतत गो."

"तुमी चोरी केलात?"

"येड लागलाहा तुका?"

"मगे जेवा."

"पण तेल येता खंयसून? बाहेरून कोण घालता म्हणाचा तर कुलूप माझ्याकडे. आतून येता म्हणाचा तर मी बघतंय एवढा. मीच कायतरी करतंय आणि माकाच कळना नाय, असां झालां तर?"

कमळने त्याच्याकडे नीट पाहिलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी स्वतःवर शंका घेतलेली तिने पाहिली नव्हती. ती म्हणाली, "उद्या मी येतंय तुमच्यावांगडा," आणि खरंच आली. चांगली साडी नेसून, दुसऱ्याच्या लग्नाला जावं तशी.

रविवारी दहाला सर्व्हिसचं माणूस आलं ती एक मुलगी निघाली. कल्पिता, खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. निळा शर्ट, पायात जाड बूट, केसात अबोलीची छोटी वेणी. महादूने जनरेटरची चावी आधीच पॅनेलवर काढून ठेवली होती. उगाच कोणी मागायला नको. राजेश आणि कमिटीतले दोघं छातीवर हात बांधून उभे. रुक्मिणीबाई घरातली खुर्ची घेऊन खाली येऊन बसल्या होत्या.

"मॅडम, धूर होईल, तुम्ही कशाला..." राजेश म्हणाला.

"एखाद्याला चोर ठरवणार आहात ना? मग पुरावा बघायला कोणीतरी हवं. सुरू करा."

कल्पिताने टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलं. मग डब्यातलं काळं तेल पांढऱ्या कागदावर सोडलं. मग मशीन एकूण किती तास चाललं, तो पॅनेलवरचा आकडा वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, आठवड्यातून किती चालवता?"

"शनिवारी अर्धा तास."

"या हिशेबाने आकडा जुळत नाही. बराच जास्त चाललाय."

"बघा!" राजेश पुढे झाला. "म्हणजे मशीन मागच्या मागे चालतं! कोणाला लाईट देता काका? बाजूच्या गाळ्यांना?"

आता महादू गप्प राहू शकत होता. बुधवारची गोष्ट फक्त त्याला आणि मशीनला ठाऊक होती. त्याने कमळकडे पाहिलं. कमळने मान हलवली, बोला म्हणून.

"बुधवारी मीच चालवायचो," तो म्हणाला. "दुपारी. कोणाला सांगितलं नाही."

"कशाला?"

"बरं वाटावं म्हणून."

"कोणाला बरं वाटावं?"

"त्याला." महादूने हिरव्या खोक्याकडे बोट केलं.

कमिटीतला एक जण फिसकन हसला. कल्पिता हसली नाही. तिने विचारलं, "चालवता तेव्हा लोड किती देता? लिफ्ट, पंप काय काय लावता?"

"काहीच नाही. नुसता फिरवतो. मी त्याला त्रास देत नाही."

"किती दिवस?"

"तीन वर्षं झाली."

कल्पिताने हातातली बाटली खाली ठेवली. "अरे देवा," ती म्हणाली. "काका, हे भेसळ नाहीये. निदान मला तरी वाटत नाही. पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल बघितलीय ना? पेटत नाही, विझत नाही, नुसती धुमसते. तसं झालंय. इंजिनाला काम नसलं की ते तापतच नाही. तापलं नाही की डिझेल पूर्ण जळत नाही. उरलेलं धुराबरोबर पाइपात जाऊन बसतं, काजळीत कालवून. तेच ठिबकतंय."

"म्हणजे जितका चालवला तितका..."

"तितका आजारी पडला. आमच्या बोटीचं इंजिन कोणी धक्क्याला नुसतं भकभकत ठेवलं, तर बाबा घरातून शिव्या देत यायचे. जाळं ओढताना इंजिन बिघडत नाही म्हणतात, उभं राहून बिघडतं."

महादू पायरीवर बसला. दोन्ही नारळ, लिंबू, अर्धा तास, बुधवार, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून उलटं फिरत गेलं. चोर नाही, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटेना. ज्याला जपलं त्याची वाट आपणच लावली, हे कोणत्या खान्यात ठेवायचं?

"हे सगळं तोंडी," राजेश म्हणाला. "मला गाडीवाल्याला काय दाखवायचं?"

"सोपं आहे," कल्पिता म्हणाली. "टाकीत आहे तेच डिझेल. एक थेंब बदलायचा नाही. तीन-चार तास भरपूर लोडवर चालवू. डिझेल खराब असेल तर काळं येतच राहील. मी म्हणते ते खरं असेल तर साठलेलं जळून जाईल आणि पाइप सुकेल."

"लोड म्हणजे लाईट उडणार?"

"पंधरा सेकंद."

"नाही, लोकांची तक्रार..."

"राजेश," रुक्मिणीबाई खुर्चीतून म्हणाल्या, "लोकांची नाही. तक्रार माझी होती. मीच लिहिली होती, एक पानभर. चौदा सेकंद अंधारात उभी होते, काही बिघडलं नाही, फक्त राग आला होता. फिजिक्स शिकवलं तीस वर्षं आणि हे सुचलं नाही, की यंत्र नुसतं फिरवणं म्हणजे चालवणं नव्हे. ती तक्रार मी मागे घेते. लेखी पाहिजे असेल तर कागद आणा."

राजेशने कागद आणला नाही. कल्पिताने वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचा सिलिंडर पाइपाजवळ ठेवून घेतले, आसपासच्या गाड्या हलवायला लावल्या. मग ती महादूला म्हणाली, "काका, उठा. खटका तुम्ही फिरवायचा."

"आजारी माणसाच्या पाठीवर गोणी द्यायची?"

"द्यायची."

महादूने इंजिन सुरू केलं, फडक्याला हात पुसला आणि खटका फिरवला. टॉवर काळोखला, परत उजळला. इंजिनाने 'हं' केलं. लाईट गेलेली नसताना, तीन वर्षांनी केलं. दोन्ही लिफ्टा चालू झाल्या, पाण्याचे पंप लागले. मग कल्पिताने आग विझवायचा मोठा पंप लावला. पाणी टाकीतून निघून टाकीतच परत पडत होतं, पण मोटर पूर्ण जोरात. इंजिनाचा आवाज खाली गेला, जड झाला. पाइपातून धुराचा काळा लोट असा बाहेर पडला, की राजेश चार पावलं मागे सरला. सांध्यातून तेल ठिबकायचं ते धारेने वाहायला लागलं.

"हे तर वाढलं!" राजेश ओरडला.

वाढलं, हे खरंच होतं. महादूने कल्पिताकडे पाहिलं. ती घड्याळाकडे बघत होती आणि खिशातून चणे काढून खात होती.

एक तास झाला. धूर काळाच. मध्येच दोन ठिणग्या उडाल्या आणि कमळने "रे म्हाराजा!" म्हणून हात जोडले. दीड तास झाला. महादूला आरेचं जंगल आठवलं. तिथे दिवसाला बारा-बारा तास दिव्यांचं ओझं, उन्हात, पावसात. अठ्ठावीस वर्षांत एकदाही पाइपातून हे काळं आलं नव्हतं. तिथे त्याने मशीनवर दया कधी केली नव्हती. करायला वेळच नव्हता.

वेळ जावा म्हणून असेल, त्याने रुक्मिणीबाईंना विचारलं, "बाई, एक विचारू? हे 'हं' करतं, म्हणजे वरचं ओझं याला कळतं कसं?"

"चांगला प्रश्न आहे. तारेतून वीज वाहायला लागली, की ती तार स्वतःच चुंबकासारखी वागते आणि फिरणाऱ्या चुंबकाला मागे ओढते. वर लोक जितकी वीज घेतील, तितकी ओढ जास्त. ती ओढ तोडायला इंजिनाला जोर लावावा लागतो, म्हणून डिझेल जास्त."

"पण मध्ये फट आहे. नख जाईल एवढी. हातच लागत नाही, तर ओढते कशी?"

"हात न लावताच ओढते."

"दिसत का नाही?"

"दिसत नाही. मलाही दिसलेली नाही. गणितात येते."

महादूने मान हलवली. समजल्यावर हलवतात तशी ती नव्हती आणि बाईंना ते ओळखता आलं. तीस वर्षं त्या तसल्याच माना बघत होत्या.

अडीच तासांनी धूर करडा झाला. तीन तासांनी पाइपाच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसायला लागली, उन्हातल्या डांबरी रस्त्यावर दिसते तशी. सांध्यातून शेवटचे थेंब सावकाश पडले, मग लांबले, मग नाहीत. कल्पिताने पांढरा कागद पाइपाखाली दहा मिनिटं धरायला लावला. धरला राजेशनेच, हात लांब करून. कागद कोरा राहिला.

ती म्हणाली, "झालं. डिझेल चांगलं आहे. रिपोर्टात लिहिते. आणि काका, दर शनिवारी लोड द्यायचा. दिलाच पाहिजे. अर्धवट दिला तरी परत हेच."

राजेश कागदाच्या दोन्ही बाजू उलटून बघत होता. "पण मग चूक कोणाची धरायची?"

"माझी," महादू म्हणाला. "तुम्ही शनिवारचं सांगितलेलं. बुधवार माझा."

"पत्र माझं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आणि 'नुसता चालवा' कोणाचं, ते ज्याचं त्याने बघावं. उन्हात बसून मला भूक लागलीय."

राजेशने पॅनेलवरची चावी उचलली. ती महादूच्या हातात द्यायची, की नुसती पुढे करायची, हे त्याला ठरवता येईना. शेवटी कमळनेच हात पुढे केला, चावी घेतली आणि नवऱ्याच्या खिशात टाकली. "ग्रुपवर काय टाकतलास?" तिने विचारलं.

"काही नाही टाकत, काकी."

"टाक. चोर नाय म्हणान टाक. काल बोललास ता चार जणांनी आयकलाहा."

राजेशने तिथल्या तिथे, तिच्यासमोर, टाकलं.

पुढच्या शनिवारी फलकावर नोटीस लागली: अकरा वाजता पंधरा सेकंद वीज बंद, लिफ्ट वापरू नये. अकराच्या ठोक्याला रुक्मिणीबाई खाली आल्या, लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार धरून म्हणाल्या, "महादू, मी आत आहे. सेकंद मोजणार आहे. लावा."

"बाई, नोटिशीत लिहिलंय..."

"नोटीस मी वाचली. लावा."

महादूने खटका फिरवला. अंधार, मग उजेड. सगळे पंप लागले. तो लगबगीने मागे गेला, पाइप पाहिला. कोरडा. तरी बोट फिरवलं, वास घेतला. काही नाही. मग पुढे येऊन त्याने तळहात जनरेटरच्या पोटावर ठेवला, जिथे आत चुंबक फिरत होतं.

तळमजल्यावरून बाईंची लिफ्ट वर निघाली. त्याच क्षणी हाताखाली इंजिनाने 'हं' केलं. महादू दचकला. त्याने हात काढला, परत ठेवला. इंजिन ओढत होतं. नख जाईल एवढी फट, आणि त्या फटीतून बाई चौदा मजले कशा चढत होत्या, ते त्याला काही केल्या कळेना.